शेंगदाणे वगळून

३ मार्च

सूनबाई,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून छातीत धस्स झालं असेल तर पाणी पी. मी धडधाकट आहे, घर जागेवर आहे, आणि तुला परत बोलवायलाही लिहीत नाहीये. चॉकलेटच्या वड्या बिघडल्या म्हणून लिहितेय. तू त्यांना बार म्हणायचीस. मी वड्याच म्हणणार, या वयात माझी जीभ वळत नाही.

पत्ता तुझ्या जुन्या ऑफिसातल्या चष्मेवाल्या मुलीकडून काढला. आधी देईना. म्हणाली, "मी तिला विचारून तुम्हाला कळवते." मी म्हटलं, "विचार की, तोवर मी इथेच बसते." आणि पिशवीतून कोणाचा तरी कोट काढून तिच्या टेबलासमोर काजं करत बसले. दोन काजं होईपर्यंत तिने पत्ता लिहून दिला. तिला रागवू नकोस, बिचारी घाबरली होती.

तर झालं असं. माझ्या ठोंब्या लेकाबरोबर खांबावर चढणारा तो मिशीवाला वायरमन परवा रस्त्यात भेटला. म्हणाला, "मावशी, वहिनींच्या त्या चॉकलेटच्या वड्यांची फार आठवण येते. तो होता तेव्हा आम्हाला अर्धी अर्धी तोडून द्यायचा." मी म्हटलं, त्यात काय, मी करून देते. जन्मभर स्वयंपाक केला, वड्या जमणार नाहीत होय?

नाही जमल्या. खजूर वाटला, ओट्स भाजले, शेंगदाणे भाजून सालं काढली, इथपर्यंत मी राणी होते. मग चॉकलेट वितळवायला ठेवलं आणि बघते तर त्याचा चिखल. वितळेना, हलेना, नुसता रवाळ गोळा. चमचा उभा राहिला त्यात. मला वाटलं आच कमी पडली, म्हणून वाढवली, तर करपलं. तू तर म्हणायचीस की भट्टी नाही, बेकिंग नाही, साखर नाही, कोणालाही जमेल. मी कोणीही नाहीये का?

तू गेलीस त्या दिवशी मी गिऱ्हाइकाचे पडदे द्यायला गेले होते. परत आले तर वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका आपल्या घराची चावी घेऊन जिन्यात उभ्या. माझ्याकडे बघवत नव्हतं त्यांना. का गेलीस ते मी विचारत नाही. विचारायचं असतं तर चष्मेवालीला विचारलं असतं. फक्त चॉकलेट का बिघडतं तेवढं लिही.

तुझी सासू

२१ मार्च

सूनबाई,

कार्ड मिळालं. पाठपोट कृती, आणि खाली तुझं नाव. कशी आहेस नाही, कशा आहात नाही. औषधाच्या बाटलीवर याहून जास्त मजकूर असतो. असो. आलं हेच खूप.

भांडं ओलं होतं हे तू बरोबर ओळखलंस. मला काहीही विसळल्याशिवाय चुलीवर ठेवता येत नाही, हे तुला माहीत आहे. "पाण्याचा एक थेंबही नको, दोनदा पुसा," असं लिहिलंयस. मी तीनदा पुसलं, वर उन्हात ठेवलं. खाली गरम पाण्याचं पातेलं, वर भांडं, आणि चॉकलेट असं सुरेख वितळलं की मी तिथेच उभी राहून बघत होते. रेशमाचा तागा उलगडावा तसं. ताटात कागद घातला, सगळं वाटीच्या बुडाने दाबून बसवलं, फ्रिजमध्ये ठेवलं. दुपारी टेप लावून सरळ रेषेत कापल्या. एक वडी दुसरीपेक्षा सुताने मोठी दाखव, मी शिवण सोडून देईन.

पण एक विचारते. तुझ्या कृतीत शेंगदाणे नाहीत. त्याऐवजी भोपळ्याच्या बिया आहेत. आणि खाली रेघ मारून लिहिलंयस, "शेंगदाणे घालू नका." घालू नका म्हणजे काय? तुझ्या वड्यांमध्ये अर्धे शेंगदाणेच असायचे. ठोंब्या त्याशिवाय हात लावायचा नाही. लहानपणापासून त्याचं तेच. परीक्षेला जाताना खिशात शेंगदाणे, मुलगी बघायला, म्हणजे तुलाच बघायला, आला तेव्हाही खिशात शेंगदाणे. तुझ्या वडिलांच्या सोफ्यावर सालं पडली होती, आठवतं?

दुसरं म्हणजे चॉकलेट. तू ते सगळं आत मिसळायचीस. मी एकदा म्हटलं होतं, वरून थर दिला तर किती देखणी दिसेल. तू म्हणालीस, "आई, खांबावर उन्हात वरचा थर खिशात वितळतो. आत मिसळलं की वितळत नाही." त्या वडीच्या मापाचा आतला खिसा मी त्याच्या प्रत्येक जाकिटाला शिवला होता, दोघींनी मिळून माप घेतलं होतं. आता तुझ्या कार्डावर लिहिलंय, "चॉकलेट वरून ओता, पातळ थर द्या."

ते जाकीट वीजकचेरीतल्यांनी मला परत दिलं तेव्हा मी आधी तो खिसा चाचपला होता. रिकामा होता. म्हणजे खांबावरून पडण्याआधी त्याने खाल्लं होतं. उपाशी गेला नाही. हे मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं बहुतेक, पण तू कोणाशी बोलतच नव्हतीस.

मी अजून दर रविवारी मूठभर शेंगदाणे भाजते. खाणारं कोणी नाही. पण वास सुटला की घरात तो आहेसं वाटतं, आंघोळ करून येईल आणि कढईत हात घालून बोटं पोळून घेईल असं. तेवढा वेळ मी त्याच्याशी बोलते. तू असताना मनातल्या मनात बोलायचे, आता मोठ्याने बोलते, एवढाच फरक.

बिया कुठे मिळतात कोण जाणे, वाण्याला विचारलं तर तो म्हणाला, "मावशी, पोपट पाळलाय का?"

तुझी सासू

२ एप्रिल

सूनबाई,

तुझं उत्तर आलं नाही. तुझं काम वाढलं असेल.

वड्या घेऊन वीजकचेरीत गेले. बियांच्या, वरून थर दिलेल्या, अगदी तुझ्या कार्डाप्रमाणे. सगळे वायरमन उठून उभे राहिले, मला ते आवडत नाही. मिशीवाल्याने एक तोंडात टाकली आणि म्हणाला, "मावशी, चांगली आहे. पण ही ती नाही." मी म्हटलं, "ती आता मिळायची नाही." मग तो म्हणाला, "वहिनी कशा आहेत?" मला काय माहीत असणार? मी म्हटलं, मजेत आहे. पत्रं येतात.

आता खरं सांगते. मिशीवाला मला रस्त्यात भेटला नव्हता आणि त्याने वड्या मागितल्याही नव्हत्या. तुला लिहायला काहीतरी निमित्त हवं होतं. भांडं मात्र खरंच ओलं होतं.

आता एक खरं बोललेच आहे तर दुसरंही विचारून टाकते. मी कापड हातात घेतलं की गिऱ्हाईक जाड झालंय की बारीक हे मला त्याने न सांगता कळतं. कृतीचंही तसंच आहे. कृती बदलते म्हणजे खाणारा बदललेला असतो. बाई स्वतःपुरतं करायचं असेल तर एवढे बदल करत नाही, आहे तसंच करून खाते, नाहीतर करतच नाही. तिकडे कोणीतरी आहे. त्याला शेंगदाणे चालत नाहीत, पचत नसतील, अंगावर पुरळ उठत असेल. आणि तो उन्हात काम करत नाही, सावलीत खुर्चीवर बसतो, म्हणून वड्यांवर थर चालतो.

कोण आहे तो?

मी रागावलेली नाही. रागावले असते तर मी पत्र लिहिलं नसतं, तुला माहीत आहे. तू तरुण आहेस. वरच्या शिक्षिकाही परवा म्हणाल्या की तिने काय आयुष्यभर भिंतीकडे बघत बसायचं का. मी हो म्हटलं. शहाण्या बाईसारखं हो म्हटलं, आणि घरी येऊन एका गिऱ्हाइकाच्या बाह्या उलट्या जोडल्या.

फक्त मला सांग. दुसऱ्याकडून कळू देऊ नकोस.

तुझी सासू

१४ एप्रिल

तू काहीच लिहीत नाहीस, म्हणजे खरंच आहे.

मग ऐक. लग्न करा, सुखाने राहा, पण मला बोलावू नका. मी येणार नाही. लोकांसमोर तू मला वाकून नमस्कार करशील, तोही करेल, आणि मी काय करू? त्याच्या डोक्यावर हात ठेवू? माझा हात तिथवर जाणार नाही, खोटं कशाला बोलू.

वाईट कशाचं वाटतं सांगू? तू दुसरा माणूस बघितलास याचं नाही. तू त्याच वड्या त्याला करून घालतेस याचं. माझ्या पोराची वडी. दुसरं काही करायचंस, जगात खाण्याच्या गोष्टी काय थोड्या आहेत? त्याच वडीतून त्याचे शेंगदाणे वेचून बाहेर टाकलेस आणि दुसऱ्याच्या ताटात ठेवलीस. त्याला घरातून काढलंस, कृतीतूनही काढलंस. मग उरलं काय? माझ्याकडे एक जाकीट आणि रविवारचा वास.

मी एकटीच त्याची आठवण काढत बसले होते आणि मला वाटत होतं की आपण दोघी काढतोय.

हे पत्र उद्या टाकीन. उद्यापर्यंत राग गेला तर फाडीन. पण जायचा नाही.

३ मे

सूनबाई,

तुझं पत्र गेल्या आठवड्यात मंगळवारी आलं. आधी पाकीट हातात घेऊन वजन बघितलं, म्हटलं हे काही कार्ड नाही. तीन पानं. मशीनवर बसून वाचायला घेतलं आणि उभी राहून संपवलं, मध्ये कधी उठले कळलं नाही.

ते शब्द मला आता पाठ झालेत. तरी इथे लिहिते, माझ्या हाताने लिहिले म्हणजे मला नीट कळतील.

"आई, कोणी नाही. तो फोन आला तेव्हा मी त्याच्यासाठी शेंगदाणे भाजत होते. गॅस बंद करायचा राहिला. फोनवर ते सांगत होते आणि मला करपल्याचा वास येत होता, आणि मी ऐकतच राहिले. त्यानंतर तुम्ही दर रविवारी भाजायला लागलात. तुम्हाला त्यात तो भेटत होता. मला दर रविवारी तो फोन येत होता. तुम्हाला नका भाजू असं मी कुठल्या तोंडाने सांगणार होते? तुमच्याकडे तेवढंच उरलं होतं. म्हणून मी निघाले."

आणि खाली, "वरून थर दिला, कारण आता कोणाच्या खिशात ठेवायचं नाहीये."

सूनबाई, ती कढई मी घासली होती. त्या दिवशी घरात माणसांची रीघ होती, मला कोणाची तोंडं बघायची नव्हती, म्हणून मी मोरीत बसून मिळेल ते भांडं घासत होते. काळी कुळकुळीत कढई, तळाला कोळसे. मी राखेने, दगडाने, नखांनी घासली. मनात म्हणतही होते की या मुलीला कधी कढईकडे लक्ष द्यायला जमणार नाही. त्यात काय जळालं होतं, आणि का, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. लख्ख केली. आणि तीच कढई घेऊन तुझ्या उशाशी दर रविवारी भाजत बसले.

तू पहिल्या रविवारी उठून गच्चीत गेलीस ते मला आठवतं. मला वाटलं, हिला रडायला एकांत हवा. दुसऱ्या रविवारी मी तुला मुद्दाम मूठभर आणून दिले, आठवतं? हातात धरून बसलीस. खा गं, त्याच्या आवडीचे आहेत, असं मीच म्हटलं. तू खाल्लेस. देवा, तू ते खाल्लेस.

तू सांगायला हवं होतंस, असं मला म्हणावंसं वाटतं. पण तू सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? कदाचित भांडले असते. माझ्या घरात माझ्या मुलाच्या आवडीचं मी करायचं नाही का, असं म्हटलं असतं. तू मला ओळखतेस म्हणून गप्प बसलीस. गेलीस, पण माझ्या तोंडचं काढून घेतलं नाहीस.

गेल्या रविवारी मी शेंगदाणे भाजले नाहीत. बरणी वरच्या शिक्षिकांना देऊन आले, त्यांना कारण सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. मग घरी येऊन बसले. कसलाच वास नाही. घर एवढं शांत होतं की मशीनचं पायडल उगीचच मारत राहिले, खाली कापड नसताना. त्याच्याशी बोलायला जावं तर तो येईना. सकाळभर वाट बघितली. त्या वासाशिवाय त्याला बोलवायचं कसं हे मला अजून सापडलेलं नाही. सापडेल बहुतेक. नाही सापडलं तर नाही. तुझ्यावर उपकार केले असं समजू नकोस, मी आता भाजायला घेतले असते तरी मला तुझा चेहराच दिसला असता.

मागचं पत्र फाड. दुसऱ्यांदा वाचू नकोस.

आता जे लिहायचंय ते लिहायला मला चार दिवस लागले. तुझ्या पत्रात "कोणी नाही" वाचलं तेव्हा मला काय वाटलं, ते सांगते. बरं वाटलं. सुटले बाई, असं वाटलं. मिशीवाल्याला जाऊन सांगावं, शिक्षिकांना जाऊन सांगावं, की आमची सून अजून आमचीच आहे. वाण्याकडे गेले तर त्यालाही सांगून आले असते.

मग संध्याकाळी तुझं तिसरं पान परत वाचलं. तिथे तू लिहिलंयस की तुझी खोली लहान आहे, खिडकी दुसऱ्या इमारतीच्या भिंतीवर उघडते, स्वयंपाकाला एकच शेगडी आहे, तेव्हा एका शेगडीवर भागेल असं काहीतरी करावं म्हणून तू पुन्हा वड्या करायला लागलीस. सकाळी एक, ऑफिसातून आल्यावर एक. कधीकधी तेच जेवण. हे तू अगदी सहज लिहिलंयस, हवापाणी लिहावं तसं. आणि मी तुझ्या त्या वड्यांमध्ये एक पुरुष शोधत बसले होते. त्याला सावली दिली, खुर्ची दिली, अंगावर पुरळसुद्धा दिलं. तू तिकडे भिंतीसमोर उभी राहून, हातात वडी धरून एकटी जेवत होतीस.

शनिवारी दुपारच्या गाडीने येते. नाही म्हणू नकोस, तिकीट काढलंय. मला जागा कमी लागते, मी मशीनखाली झोपलेली बाई आहे. चार दिवस राहीन आणि तुला धड जेवायला घालीन, त्यात शेंगदाणा काय, शेंगदाण्याचं तेलही नसेल. पडद्याचं माप घेईन, ती भिंत तरी दिसायला नको. मग परत जाईन. मी तुला घेऊन जायला येत नाही. तुला त्या घरात राहायला मी पुन्हा सांगणार नाही.

आणि एक. हे तोंडावर बोलायला मला जमणार नाही, म्हणून इथेच लिहिते. मागच्या पत्रात ज्याच्यासाठी मी तुझ्याशी भांडले, तो माणूस नाहीच हे मला आता रोज आठवतं, आणि रोज वाईट वाटतं. शेंगदाणे न चालणारा, सावलीत बसणारा, कसाही. तुझ्याबरोबर जेवायला बसणारा. तो असता तर मी रडले असते, लग्नाला आले नसते, वर्षभर तुझ्याशी बोलले नसते. पण तो असता तर फार बरं झालं असतं गं.

तुझी सासू